पुठ्ठ्याच्या आडोशामागे

तुझं पत्र दोनदा वाचलं. गेल्या विधानसभेला तुझ्या आजीनं पाचशेची नोट घेतली, हे तुला दिवाळीला घरी आल्यावर कळलं आणि तुझी मान खाली गेली. तू विचारतोस, "सर, तुम्ही तीस वर्षं बूथवर काढलीत. पैसे घेऊन, जात बघून मत देणाऱ्या देशाला काही नीतिमत्ता आहे असं म्हणता येईल का? निवडणूक हा आरसा असेल तर आपला चेहरा कसला आहे?" आणि शेवटच्या ओळीत हळूच सांगतोस की पुण्याला गेल्यापासून तू स्वतः मत दिलेलं नाहीस, मन उठलंय. त्या शेवटच्या ओळीकडे मी शेवटीच येतो.

माझी पहिली ड्यूटी नोव्हेंबर १९८९ च्या लोकसभेची. मतदानाचं वय २१ वरून १८ वर आल्यानंतरची ती पहिलीच लोकसभा निवडणूक, त्यामुळे रांगेत माझ्याच शाळेतून बाहेर पडलेली पोरं उभी होती. तेव्हा मतपत्रिका, रबरी शिक्का, लोखंडी पेटी आणि लाखेचं सील होतं. शेवटची ड्यूटी २०१९ ची, मताची चिठ्ठी दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्रासकट. मधल्या काळात कधी मतदान अधिकारी, कधी केंद्राध्यक्ष. या सगळ्यातून माझं मत असं झालंय की देशाचं चारित्र्य निकालात शोधू नये. जो कुणाचं काही वाकडं करू शकत नाही, अशा माणसाला आपण किती निर्धास्तपणे बटण दाबू देतो, त्यात ते दिसतं. आणि ते बूथवर, अगदी हाताच्या अंतरावर दिसतं.

निकालाबद्दल आधी बोलतो, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. आणीबाणीनंतरची १९७७ ची निवडणूक घे. लोकांनी हुकूमशाहीला धडा शिकवला, असं आपण अभिमानानं सांगतो, आणि ते खोटं नाही. उत्तर प्रदेशात काँग्रेसला ८५ पैकी एकही जागा मिळाली नाही. पण त्याच निवडणुकीत आंध्र प्रदेशात काँग्रेसनं ४२ पैकी ४१ जागा जिंकल्या. मग तुझ्या पणजोबांचं मूळ गाव असलेला मुलूख काय नीतिमत्तेत कमी पडला? तसं नाही. सक्तीच्या नसबंदीचा वरवंटा उत्तरेत जेवढा फिरला तेवढा दक्षिणेत फिरला नाही. ज्याच्या दारात जे आलं, त्यावर त्यानं मत दिलं. आणखी एक हिशेब बघ. १९८४ ला काँग्रेसला चारशेच्या वर जागा मिळाल्या, तेव्हाही मतं निम्म्याच्या आतच होती. २०१४ ला भाजपला २८२ जागा मिळाल्या त्या ३१ टक्के मतांवर. आपल्या पद्धतीत ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून येतो, बाकीच्यांची मतं कितीही असोत. तेव्हा निकालावरून "देशानं असं ठरवलं" म्हणताना जीभ थोडी आवरावी. देशातल्या बऱ्याच लोकांनी तसं ठरवलेलं नसतं. शिवाय एका बटणात माणूस किती सांगणार? पाणी, पोराची नोकरी, जात, शेजाऱ्याशी भांडण, उमेदवार मयतीला आला होता की नाही, हे सगळं एकाच बोटानं दाबलं जातं.

आता बूथवर ये.

१९५१-५२ ची पहिली निवडणूक झाली तेव्हा यादीत सतरा कोटींवर नावं होती. सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त होते. यादी करणारे घरोघर गेले तेव्हा लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. सेन यांनी असं नाव यादीत घ्यायचं नाही असं ठरवलं आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं वगळली गेली. त्या वेळी टीका झाली, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बायका आपलं नाव सांगू लागल्या. मला हे प्रकरण पुस्तकातलं वाटत नाही, कारण त्याची शेपटी मी स्वतः पाहिली आहे. पहिला मतदान अधिकारी नाव मोठ्यानं वाचतो, म्हणजे उमेदवारांच्या एजंटांना ऐकू जावं. खात्री करायला आम्ही विचारायचो, "नवऱ्याचं नाव?" आणि बाई पदर तोंडाला लावून गप्प. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत. मग ती मागच्या बाईकडे बघायची आणि मागची बाई सांगायची. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका गावात १९९५ साली एका म्हातारीनं माझ्यासमोर असंच केलं. मी थांबलो. तिनं दोन क्षण विचार केला आणि स्वतःचं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, खणखणीत सांगितलं. रांगेतल्या बायका हसल्या. ती नाही हसली. तिनं बोट पुढं केलं, शाई लावून घेतली आणि मतपत्रिका घेऊन आत गेली. कुणी जिंकलं, कुणी हरलं, ते आज मला यादी काढून बघावं लागेल. ती म्हातारी मात्र बघावी लागत नाही.

आणि एक गोष्ट जी सांगताना मला अजून जड जातं. नव्वदच्या दशकातलंच एक गाव. पुरुषांची आणि बायकांची रांग वेगळी असते, तो नियमच आहे. पण त्या दिवशी पुरुषांच्या दोन रांगा झाल्या होत्या, एक गावठाणाची आणि एक वस्तीची. कुणी कुणाला काही बोललं नव्हतं, भांडण नव्हतं, आपसूक झालं होतं. गावठाणाच्या रांगेतले तीन आत सोडले की वस्तीच्या रांगेतला एक. मतदान शांततेत चाललंय म्हणून मी तासभर तसंच चालू दिलं. माझ्या शेजारी शाई लावायला बसलेल्या तरुण शिक्षिकेनं खालच्या आवाजात विचारलं, "सर, ही दुसरी रांग कशाची?" मी उठलो, पोलिसाला घेऊन बाहेर गेलो आणि एकच रांग लावली. कुरकुर झाली, दहा मिनिटांत मिटली. पण तो पहिला तास माझ्या अंगावर राहिला. त्या गावाचा निकाल कुठल्याही पक्षाच्या बाजूनं लागला असता तरी त्या गावाबद्दलचं आणि माझ्याबद्दलचं खरं त्या रांगेतच लिहिलेलं होतं.

आता विडी वळणाऱ्या बायकांचं, कारण तुझी आजी त्यांच्यातलीच. १८ एप्रिल २०१९, सोलापूरचं ऊन तुला सांगायला नको. पूर्व भागातल्या एका शाळेत माझं केंद्र होतं. दुपारी दीडच्या सुमाराला साठीची एक बाई आली. बोटांना तंबाखूचा वास, उजव्या हाताचं नख विडीचं तोंड दुमडून दुमडून झिजलेलं. पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली, बटण दाबलं, बीप वाजली. काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली पडते. ती बाई तिथून हलेना. मी लांबूनच विचारलं, "झालं का, मावशी?" ती माझ्या टेबलापाशी आली आणि एजंटांकडे पाठ करून म्हणाली, "सायब, त्यो कागद त्यांच्याकडं जातो का?" मी सांगितलं की चिठ्ठीवर तुमचं नाव नसतं, ती खालच्या डब्यात पडते, डबा सीलबंद असतो, कुणाला काही कळत नाही. तिनं श्वास सोडला. "मग बरं झालं," एवढंच म्हणाली आणि गेली. तिनं कुणाला मत दिलं ते मला माहीत नाही आणि माहीत असण्याचं कारणही नाही. पण आदल्या रात्री ज्याचं पाकीट घेतलं असेल त्याला नसावं, असं त्या श्वासावरून मला वाटलं.

या भीतीला पूर्ण निराधार म्हणता येत नाही, आणि इथं आपण देश म्हणून कमी पडतो असं मला वाटतं. एका माणसाचं मत गुप्त राहतं. कायदा त्या बाबतीत कडक आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९४ सांगतं की तू कुणाला मत दिलंस हे कोर्टातसुद्धा तुला कुणी सांगायला लावू शकत नाही. पण यंत्रावरची मोजणी केंद्रनिहाय होते आणि आकडे केंद्रनिहायच जाहीर होतात. एका केंद्रावर हजार-बाराशे मतदार, म्हणजे चार-सहा गल्ल्या. कुठल्या गल्लीनं साथ दिली आणि कुठल्या गल्लीनं "दगा" दिला, हे निकालाच्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर कळतं. मग त्या गल्लीचा बोअर, रस्ता, दिवा लांबतो. मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायची सोय नियमात होती. यंत्रांसाठी तसंच करणारं टोटलायझर नावाचं उपकरण वापरावं असा प्रस्ताव निवडणूक आयोगानं २००८ मध्ये दिला. २०१५ मध्ये विधी आयोगानंही तीच शिफारस केली. ते झालेलं नाही. कुठला उमेदवार पैसे वाटतो यावर आपण जितकं बोलतो त्याचा दहावा हिस्साही यावर बोलत नाही. पाकिटाचं वजन पाचशेच्या नोटेनं पडत नाही. "आम्हाला कळतं" या दोन शब्दांच्या धमकीनं पडतं.

अंध किंवा अपंग मतदारासोबत आत जाणाऱ्या सोबत्याचा नियमही असाच बारीक आणि मोलाचा आहे. सोबती किमान १८ वर्षांचा हवा, त्यानं गुप्तता पाळीन असं लिहून द्यायचं, आणि एका दिवसात एकाच मतदाराला सोबत करायची. प्रत्यक्षात काय होतं? एकच उत्साही कार्यकर्ता सकाळपासून चार म्हाताऱ्यांना हाताला धरून आणतो. दुसऱ्या वेळेला मी अडवलं की तो म्हणतो, "सर, सेवा करतोय, तुम्ही अडवता?" मी रजिस्टर उघडून त्याचीच सही दाखवायचो. एका वर्षी अशाच एका आजोबांना मी सांगितलं की यंत्राच्या उजव्या बाजूला ब्रेलमध्ये आकडे आहेत. त्यांना ब्रेल येत होतं. सोबत्याला बाहेर थांबवून ते एकटे आत गेले. बाहेर आल्यावर त्यांचा चेहरा जसा होता तसा मी फार कमी लोकांचा पाहिलाय. इतक्या निवडणुकांत पहिल्यांदा त्यांचं बोट त्यांचंच होतं.

ज्यांना बूथपर्यंत येताच येत नाही त्यांचं तर कुणी नाव काढत नाही. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती आहेत ते तुला माहीत आहे. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान, आणि नोव्हेंबर म्हणजे गाळपाचा हंगाम सुरू व्हायची वेळ. कोयता घेऊन निघालेल्या जोडप्याला उचल दिलेली असते, मुकादम ट्रॅक्टर घेऊन दारात उभा असतो. सैनिकाला टपाली मतदान आहे, ते असलंच पाहिजे. ऊसतोड मजुराला नाही. दूरवरून मत देता यावं असं यंत्र निवडणूक आयोगानं २०२२ च्या अखेरीस पुढं आणलं होतं, पक्षांमध्ये त्यावर एकमत झालं नाही आणि ते तिथंच राहिलं.

मारकडवाडीबद्दल तू विचारलं नाहीस, पण तुझ्या पुण्यातल्या मित्रांनी विचारलं असेलच. माळशिरस तालुक्यातल्या त्या गावानं विधानसभेचा निकाल लागल्यावर, ३ डिसेंबर २०२४ ला स्वतःच मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन बघायचं ठरवलं. गावातले आकडे त्यांना पटले नव्हते. प्रशासनानं जमावबंदी लावली, मतदान झालं नाही, गुन्हे दाखल झाले. यंत्राबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मतदान सुरू होण्याआधी एजंटांसमोर अभिरूप मतदान करायचं, यंत्राचा आकडा आणि, व्हीव्हीपॅट आल्यापासून, चिठ्ठ्याही जुळवायच्या, मग सगळं पुसून सील करायचं, हे मी दरवेळी केलंय आणि एकदाही जुळलं नाही असं झालेलं नाही. तरीसुद्धा त्या गावाचा मला राग आला नाही. शंका आली तेव्हा त्यांनी यंत्र फोडलं नाही, दगड उचलला नाही. पुन्हा मत देऊन बघू म्हणाले. सरकारी मतदान गावानं घ्यायचं नसतं, हे बरोबर. पण विश्वास बसवायचा असेल तर मोजून दाखवावं लागतं, बंदीहुकूम लावून तो बसत नाही. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ठरावीक यंत्रांची तपासणी मागता येईल असंही सांगितलं. ही दारं आणखी रुंद करायला काय हरकत आहे?

हरलेल्या बाजूवरून आठवलं. संध्याकाळी सहा वाजता मतदान संपलं की आम्ही फॉर्म १७ सी भरतो. एकूण किती मतं पडली, कुठल्या क्रमांकाचं सील, सगळं. एजंटांच्या सह्या घेतो आणि प्रत्येकाला प्रत देतो. दिवसभर एकमेकांकडे डोळे वटारणारी पोरं तेव्हा एका बाकावर बसून एकाच पेननं सह्या करतात. आपला माणूस हरणार हे ज्याला दुपारीच कळलेलं असतं, तोही आकडा तपासतो, सही करतो, प्रत घडी घालून खिशात ठेवतो. मला विचारशील तर आपल्या देशाच्या बाजूनं सांगण्यासारखी ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, आणि ती कुठल्याच बातमीत येत नाही.

उलट बाजूची गोष्टही सांगायला हवी. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या ग्रामपंचायतींची निवडणूक रद्द केली, कारण सरपंचपदाचा लिलाव झाला होता. लिलावाचा पैसा गावच्या देवळासाठी होता आणि निवडणूक "बिनविरोध" होणार होती, म्हणून अनेकांना त्यात वावगं वाटलं नाही. पाकीट घेणारी बाई निदान आडोशामागे एकटी जाते. लिलावात आडोसाच काढून टाकलेला असतो. आणि आपल्या महापालिकेचं बघ. मुदत मार्च २०२२ ला संपली आणि पुढं साडेतीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. आरक्षणाचा वाद न्यायालयात, हे कारण खरं. पण चार-पाच दिवसांआड येणारं पाणी तेवढंही नाही आलं तर जाऊन कुणाच्या दारात उभं राहायचं, हे त्या काळात पूर्व भागातल्या बाईला माहीत नव्हतं. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं. मतदारांच्या नीतिमत्तेवर भाषण करणाऱ्यांपैकी फार थोडे या उशिरावर बोलले.

आता तुझी आजी. कायदा तुला सांगायलाच हवा: मतासाठी पैसे देणारा आणि घेणारा दोघंही लाचेचे गुन्हेगार ठरतात. त्यात सूट नाही आणि मी ती देणारही नाही. पण हिशेब पुरता कर. विधानसभेच्या एका उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये. मतदारसंघात तीन लाखांच्या आसपास मतदार. त्यातल्या निम्म्यांनाच पाचशे दिले तरी साडेसात कोटी होतात. आणि निकालानंतर ३० दिवसांत उमेदवार शपथेवर खर्चाचा हिशेब देतो. त्यात चहा, मांडव, रिक्षावरचा भोंगा, सगळं असतं. तुझ्या आजीची नोट कुठंही नसते. तुझी आजी खोटी शपथ घेत नाही, तो घेतो. तुझी मान तिच्यासाठी खाली गेली. ती नोट ज्यानं दिली, त्याच्या मिरवणुकीत तुझ्या गल्लीतली किती पोरं नाचली, ते आठव. हजार विड्या वळल्या की तिच्या हातात काय पडतं, आणि त्या दिवशी कार्डावर किती विड्या खराब म्हणून कापल्या, हेही तिला कधीतरी विचार. नोट घेणं त्यानं बरोबर ठरत नाही. पण न्याय करायला बसलास तर पुरावा पूर्ण वाच.

तिला ओरडू नकोस. पुढच्या वेळी मतदानाच्या आधी घरी ये आणि तिला तेलुगूत नीट समजावून सांग की चिठ्ठीवर नाव नसतं, बीप सगळ्यांना सारखीच वाजते, पैसे घेतले म्हणून मत बांधलं जात नाही, आणि नाही घेतले तर सर्वांत बरं. तिच्याबरोबर केंद्रापर्यंत जा. दाराशी थांब. तिनं कुणाला दिलं ते तूसुद्धा विचारू नकोस.

आणि तुझी ती शेवटची ओळ. सहा वर्षं तू पुण्यात राहतोस, नाव मात्र अजून इथल्या यादीत आहे. मतदानाच्या दिवशी कुणी येत नाही, आणि आमच्या यादीत तुझं नाव खुणेशिवाय कोरं राहतं. मी केंद्राध्यक्ष असताना दुपारी चारनंतर मला अशाच नावांची चिंता वाटायची, कारण न येणाऱ्याच्या नावावर दुसरा कुणीतरी येऊ शकतो. पत्ता बदलायला फॉर्म ८ असतो, ऑनलाइन भरता येतो. राहत्या घराचा एक पुरावा लागेल, भाडेकरार नोंदणीकृत असेल तर तो चालतो. जुनं नाव इथून निघून तिकडे जाईल. इथंच मत द्यायचंय म्हणून नाव तसंच ठेवतो, असं मनात आलं तर तेही चालणार नाही. माणूस जिथं राहतो तिथल्याच यादीत त्याचं नाव असावं लागतं. या रविवारी भर आणि अर्जाचा क्रमांक मला पाठव. अडलं तर फोन कर, संध्याकाळी सातनंतर मी घरीच असतो.